आलेखाचे प्रास्ताविक वर्णन

आलेख समोर आला की पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा प्रथम सर्वांत उंच स्तंभाकडे जाते. तो स्तंभ कशाचा, कोणत्या ठिकाणचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या परिमाणात मोजलेला, हे पाहण्यापूर्वीच निष्कर्ष काढला जातो. परदेशी कृषि-शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील मुलांना इंग्रजी परीक्षेत या सवयीमुळे गुण गमवावे लागतात. खेड्यात खताचा तक्ता समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातून याच सवयीमुळे शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून वर्णनाच्या आरंभीची दोन वाक्ये कशी लिहावीत, याचा विचार दोघांनीही एकत्र करणे इष्ट आहे.

आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या शैक्षणिक विभागात लेखनाचे दोन प्रश्न असतात व एकूण वेळ ६० मिनिटांचा असतो. पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देऊन तिचे वर्णन किमान १५० शब्दांत करावयास सांगतात. त्यासाठी सुमारे २० मिनिटे खर्च करावीत अशी सूचना असते. प्रश्नातील वाक्य जसेच्या तसे उतरवून काढले तर ते शब्द उमेदवाराचे स्वतःचे म्हणून धरले जात नाहीत. तेव्हा आरंभीचे वाक्य स्वतःच्या शब्दांत मांडणे भाग असते. येथेच पुष्कळ विद्यार्थी अडखळतात आणि पाठ केलेली भारदस्त वाक्ये लिहून मोकळे होतात. अशा वाक्यांनी जागा भरते, परंतु आलेख कशाचा आहे हे वाचणाऱ्यास कळत नाही.

प्रास्ताविक वाक्याने चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : काय मोजले, कोठे मोजले, केव्हा मोजले आणि कोणत्या परिमाणात मोजले. यांपैकी चौथी गोष्ट सर्वाधिक विसरली जाते, आणि तीच सर्वाधिक महाग पडते. गव्हाच्या खताचा तक्ता घ्या. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास महाराष्ट्रात १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. फलकावर तीन स्तंभ काढून त्यांवर १२०, ६० व ४० हे आकडे लिहिले आणि खाली बारीक अक्षरांत 'किलो प्रति हेक्टर' असे लिहिले, तर पाहणाऱ्याच्या लक्षात आकडे राहतात, परिमाण राहत नाही.

आता हिशेब पाहावा. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी १२० किलो नत्र म्हणजे एकरी ४८ ते ४९ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून सर्व नत्र युरियातूनच द्यावयाचे ठरविल्यास एकरी सुमारे १०६ किलो युरिया लागेल. ४५ किलोच्या गोण्या धरल्यास हे प्रमाण अडीच गोण्यांहून थोडे कमीच भरते. परंतु तोच आकडा कोणी 'एकरी १२० किलो नत्र' असा वाचला, तर युरिया २६१ किलो होतो, म्हणजे जवळजवळ सहा गोण्या. खर्च तर वाढतोच, शिवाय अति नत्राने पीक माजून लोळते. उलट कोणी तो आकडा 'हेक्टरी १२० किलो युरिया' असा समजला, तर एकरास जेमतेम एक गोणी पडेल व पिकास निम्म्याहून कमी नत्र मिळेल. फलक एकच, आकडाही एकच. वाचनात मात्र सहा गोण्यांपासून एका गोणीपर्यंत अंतर पडले.

यावर उपाय म्हणजे फलकाशेजारी पुढील वाक्य ठळक लिहिणे : 'वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास दर हेक्टरी किती किलो नत्र, स्फुरद व पालाश द्यावे, याची शिफारस या आलेखात दाखविली आहे, हे आकडे अन्नद्रव्यांचे आहेत, खतांच्या वजनाचे नव्हेत.' हेच उत्तम प्रास्ताविक होय. त्यात स्तुती नाही, कारणमीमांसा नाही, सल्लाही नाही. परीक्षेतील उत्तरातही याहून वेगळे काही अपेक्षित नसते. पाऊस का कमी झाला किंवा दर का चढले, याचे स्पष्टीकरण आलेखात नसेल तर उत्तरात आणू नये.

पावसाच्या नकाशाबाबत असाच घोटाळा होतो. हवामान खाते पाऊस मिलिमीटरमध्ये देते आणि सरासरीशी तुलना करून टक्क्यांतही देते. सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर एवढ्या मर्यादेतील पाऊस 'सामान्य' मानला जातो. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे, तर सोलापूर जिल्ह्यात ती पाचशेच्या आसपास आहे. समजा, एखाद्या वर्षी रत्नागिरीत २० टक्के तूट व सोलापुरात ३० टक्के अधिक पाऊस झाला. नकाशात सोलापूर सुकाळाच्या रंगात व रत्नागिरी तुटीच्या रंगात दिसेल. तरी प्रत्यक्षात रत्नागिरीत सुमारे २,४०० मिलिमीटर व सोलापुरात सुमारे ६५० मिलिमीटरच पाऊस झालेला असेल. 'सोलापुरात रत्नागिरीपेक्षा जास्त पाऊस पडला' असे लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने नकाशाचे परिमाण वाचलेले नसते, इतकेच.

इंग्रजीत लिहिताना मराठी विद्यार्थ्यास आणखी एक अडचण भेडसावते. मराठीत 'प्रमाण' हा एकच शब्द राशीसाठी वापरतात आणि गुणोत्तरासाठीही. इंग्रजीत राशीस 'अमाउंट' व एकूणापैकी हिश्श्यास 'प्रपोर्शन' म्हणतात. त्यातही मोजता येणाऱ्या वस्तूंस 'अमाउंट' चालत नाही. शेतकरी, बैल, विहिरी यांच्यापुढे 'नंबर' हाच शब्द येतो. टक्क्यांविषयीही सावध राहावे. ओलिताखालील क्षेत्र २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले तर ते 'दहा टक्क्यांनी वाढले' असे बोलण्याची रीत आहे. परंतु हिश्शात दहा टक्केबिंदूंची भर पडली, आणि मूळच्या मानाने वाढ ५० टक्के झाली. इंग्रजी उत्तरात 'पर्सेंटेज पॉइंट्स' हा शब्दप्रयोग करावा, म्हणजे वाद उरत नाही. काळाचा नियम सोपा आहे : आलेखात गत वर्षे दिली असतील तर आकड्यांचे वर्णन भूतकाळात करावे, वर्ष नसेल तर वर्तमानकाळ वापरावा. आलेखाची ओळख करून देणारे क्रियापद मात्र दोन्ही वेळी वर्तमानकाळी असते. 'शोज' व 'कम्पेअर्स' ही दोन क्रियापदे बहुतेक प्रसंगी पुरेशी होतात. अवघड शब्दांचा हव्यास नसावा.

प्रक्रियेच्या आकृतीत आकडे बहुधा नसतात. तेथे परिमाणाची जागा टप्प्यांची संख्या घेते. गुऱ्हाळाची आकृती असेल, तर उसाचे गाळप, रस काहिलीत तापविणे, मळी काढणे, पाक आटविणे, तो वाफ्यात ओतून निवविणे आणि ढेप बांधणे असे सहा टप्पे दिसतील. प्रास्ताविकात प्रत्येकाचे वर्णन करू नये. 'उसापासून गूळ कसा तयार करतात ते या आकृतीत दाखविले असून गाळपापासून ढेप बांधण्यापर्यंत त्यात सहा टप्पे आहेत', एवढे पुरे. गुळव्या कोण, चुलवाणात काय जळते, हे गुऱ्हाळावर वाढलेल्या मुलास पाठ असते व लिहावेसे वाटते. पण आकृतीत ते नसेल तर मोह आवरावा. प्रास्ताविकानंतर एक-दोन वाक्यांत ठळक कल सांगून मग तपशिलाकडे वळावे.

अभ्यासासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील फलक, माती परीक्षणाची पत्रिका व बाजार समितीतील दरांचा तक्ता घ्यावा. कार्यकर्त्याने मथळा कागदाने झाकून विद्यार्थ्यास किंवा शेतकऱ्यास तो तक्ता दाखवावा आणि तो कशाचा आहे हे एका वाक्यात लिहावयास अथवा सांगावयास सांगावे. नंतर कागद काढून ताडून पाहावे. वाक्यात 'दर क्विंटल', 'दर हेक्टरी' किंवा वर्षाचा उल्लेख राहिला असेल, तर त्या शब्दाखाली रेघ ओढून तेच वाक्य पुन्हा करून घ्यावे. माती परीक्षणाच्या पत्रिकेपासून आरंभ केल्यास बरे. कारण तिच्यात सर्व ओळींस एकच परिमाण नसते आणि चूक चटकन उघडी पडते.