हवामान माहितीचे स्वयंचलित संकलन : प्रॉक्सी प्रमाणीकरणातील अडचणींचे निदान व उपाय

ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत कृषी हवामान सल्ला पत्रके दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसारित होतात. अशा पत्रकांसाठी किंवा गटातील शेतकऱ्यांना संदेश पाठविण्यासाठी लागणारी आकडेवारी लहानशा संगणक प्रणालीद्वारे आपोआप उतरवून घेता येते. या कामी ‘लिबकर्ल’ हे मुक्त सॉफ्टवेअर ग्रंथालय मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘कर्ल’ प्रकल्पाचा तो भाग आहे.

अनेक कार्यालयांत इंटरनेटची वाहतूक प्रॉक्सी सर्व्हरमार्गे होते. ओळख पटल्याशिवाय प्रॉक्सी मार्ग देत नाही व ४०७ क्रमांकाचा प्रतिसाद पाठवितो. ४०१ हा प्रतिसाद मात्र माहिती पुरविणाऱ्या मूळ सर्व्हरचा असतो. हा फरक ध्यानात न घेतल्यास चुकीच्या जागी पासवर्ड बदलण्यात वेळ जातो.

धोका कोठे आहे?

साध्या एचटीटीपी जोडणीत ४०७ आल्यावरही लिबकर्ल सामान्यतः ‘काम यशस्वी’ असेच कळविते. पर्जन्याच्या आकड्यांऐवजी प्रॉक्सीचे त्रुटीपान फाइलमध्ये साठते. प्रणालीने फाइल तपासली नाही, तर मागील अंदाजच नवा म्हणून पुढे जाऊ शकतो आणि पावसाच्या तोंडावर फवारणीचा सल्ला दिला जाऊ शकतो. एचटीटीपीएस जोडणीत प्रथम प्रॉक्सीमधून बोगदा उघडावा लागतो. तेथे नकार मिळाल्यास जोडणी खंडित होऊन त्रुटी स्पष्ट दिसते.

निदानाचा क्रम

१. सविस्तर नोंद (व्हर्बोज) सुरू करून प्रतिसाद क्रमांक पाहावा. प्रॉक्सीचे नाव सापडत नसल्यास किंवा जोडणीच होत नसल्यास प्रश्न पासवर्डचा नसून पत्त्याचा, पोर्टचा अथवा नेटवर्कचा असतो.

२. ४०७ सोबत प्रॉक्सी कोणती पद्धत मागतो ते वाचावे : बेसिक, डायजेस्ट, एनटीएलएम किंवा नेगोशिएट. लिबकर्ल मुळात प्रॉक्सीसाठी बेसिक पद्धतच वापरते. प्रॉक्सीस ती मान्य नसल्यास पासवर्ड अचूक असूनही नकार मिळतो. ‘कोणतीही पद्धत’ हा पर्याय दिल्यास उपलब्ध पद्धतींपैकी अधिक सुरक्षित पद्धत निवडली जाते. मात्र संगणकावरील आवृत्तीत ती पद्धत समाविष्ट आहे ना, हे आवृत्तीच्या माहितीत पाहावे.

३. पासवर्डमधील विशेष चिन्हे तपासावीत. प्रॉक्सीच्या पत्त्यातच नाव व पासवर्ड लिहिल्यास ‘@’ या चिन्हामुळे पत्ता चुकीच्या जागी तुटतो. त्याऐवजी टक्केचिन्हापुढे ४ व ० हे इंग्रजी अंक लिहावेत. नाव व पासवर्ड यांसाठी असलेले स्वतंत्र पर्याय वापरल्यास असे रूपांतर करावे लागत नाही.

४. हाताने चालविल्यास काम होते, परंतु वेळापत्रकानुसार आपोआप होत नाही, असे आढळल्यास प्रॉक्सीची पर्यावरण चले तपासावीत. वापरकर्त्याच्या सत्रातील चले नियोजित कामास मिळतातच असे नाही. साध्या एचटीटीपीसाठीच्या प्रॉक्सी चलाचे नाव लहान लिपीतच वाचले जाते, हेही लक्षात ठेवावे.

५. पासवर्डची मुदत संपली आहे का, ते पाहावे. जुन्या पासवर्डने वारंवार प्रयत्न झाल्यास खाते कुलूपबंद होण्याची शक्यता असते. म्हणून ४०७ आल्यावर पुनःप्रयत्न थांबवावेत.

दक्षता

बेसिक पद्धतीतील पासवर्ड केवळ सांकेतिक रूपात असतो, गुप्त नसतो. त्यामुळे सविस्तर नोंद इतरांना पाठविण्यापूर्वी त्यातील प्रमाणीकरणाची ओळ काढून टाकावी. ‘त्रुटी आल्यास थांबा’ या पर्यायावरही सर्वस्वी विसंबू नये. ४०१ व ४०७ या प्रतिसादांत तो नेहमीच लागू पडतो असे नाही. प्रतिसाद क्रमांक, फाइलमधील दिनांक व स्तंभांची शीर्षके या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच माहिती स्वीकारावी. यांपैकी एकही न जुळल्यास संदेश रोखून जबाबदार कर्मचाऱ्यास सूचना जावी. उशिरा मिळालेल्या सल्ल्यापेक्षा ताजा भासणारा शिळा सल्ला पिकास अधिक हानिकारक ठरतो.