नव्या संगणकावर जुने ईमेल पत्ते : खर्च किती?

नवा संगणक घेतला की दुकानदार बिलात ‘डेटा ट्रान्सफर’ अशी एक ओळ घालतो. कुठे पाचशे, कुठे हजार. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणारं गिऱ्हाईक असेल तर ‘तुम्हाला कसं जमणार, मीच करून देतो’ असंही वर ऐकवतो. निदान ईमेलच्या पत्त्यांपुरते तरी हे पैसे देऊ नका. हे काम ऐकून-ऐकून, फक्त कीबोर्डवर, घरबसल्या होतं आणि त्याला लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे.

सुरतेजवळच्या पलसाण्याचंच उदाहरण घ्या. पलसाणा म्हणजे हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद हमरस्ता यांचा चौक. कडोदऱ्याच्या मिलपट्ट्यात आणि तिकडे सुरतेत खानदेशी कुटुंबांनी कधीच घरं केली आहेत. त्यांच्यातल्या पलसाणा-कडोदऱ्याकडच्या दृष्टिबाधित माणसाला अशा कामासाठी सुरतेची फेरी मारावी लागली, तर रिक्षा-बसचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि दुकानदाराची मजुरी असा तिहेरी भुर्दंड बसतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला, त्यामुळे जुना संगणक बदलायची वेळ अनेकांवर आली आहे.

पहिला प्रश्न: तुमचे पत्ते मुळात राहतात कुठे? ते जीमेलमध्ये असतील तर हलवायला काहीच नाही. नव्या संगणकावर खातं उघडलं की ते तिथे हजर असतात. तरी एक प्रत जवळ ठेवावी. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या पानावर ‘एक्सपोर्ट’ शोधा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये बी दाबत गेलं की एकेक बटण ऐकू येतं. बटणांच्या गर्दीत सापडलं नाही तर एनव्हीडीए-एफ७ने पानावरच्या घटकांची यादी उघडा. मग गूगल सीएसव्ही, आउटलुक सीएसव्ही आणि व्हीकार्ड असे फाइलच्या प्रकाराचे तीन पर्याय येतात. पुढे थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं असेल तर व्हीकार्ड घ्या, कारण सीएसव्ही आत घेताना कोणता रकाना कुठे बसवायचा ते विचारलं जातं आणि तो पडदा ऐकत पार करणं कंटाळवाणं आहे. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ज्यांना तुम्ही नुसती उत्तरं पाठवलीत ती माणसं ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या वेगळ्या यादीत असतात. मुख्य यादीच्या फाइलमध्ये ती येत नाहीत, त्यांची फाइल निराळी काढावी लागते.

थंडरबर्डमध्येही तोच प्रकार. ‘पर्सनल ॲड्रेस बुक’ वेगळं, ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ वेगळं. दोन्ही पुस्तकं एकेक करून एक्सपोर्ट करा.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये. तिथे आल्ट-एफ, मग ओ, मग आय दाबलं की आयात-निर्यातीचा विझार्ड उघडतो. बहुतेक जण सीएसव्ही निवडतात. इंग्रजीत लिहिलेली नावं त्यात व्यवस्थित जातात, पण देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते. डोळस माणसाला ती लगेच दिसते. आपल्याला मात्र स्क्रीन रीडरची विरामचिन्हांची पातळी कमी असेल तर तिथे काहीच ऐकू येत नाही, आणि रकाना रिकामा आहे असं वाटून आपण पुढे जातो. म्हणून मराठी नावं असतील आणि नव्या संगणकावरही हेच आउटलुक असेल, तर सीएसव्हीऐवजी आउटलुकची स्वतःची पीएसटी फाइल घ्या.

फाइल तयार झाली की तपासणी नोटपॅडमध्ये करा, एक्सेलमध्ये नको. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. एक्सेलमध्ये सीएसव्ही नुसती एंटर मारून उघडली, की ९१ने सुरू होणारा बारा आकडी मोबाइल नंबर ते मोठी संख्या समजतं आणि ‘नऊ पॉइंट एक, ई प्लस अकरा’ अशा थाटात वाचू लागतं. त्यावर सवयीने कंट्रोल-एस दाबलं की फाइलमधले मूळ आकडे गेले. नोटपॅडमध्ये आधी एनव्हीडीए-पी दाबून विरामचिन्हांची पातळी ‘ऑल’ करा आणि खालच्या बाणाने ओळीमागून ओळ ऐका. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, नंतर माणसं. दहा-बारा ओळी, त्यातही मराठी नावांच्या, ऐकल्या तरी फाइल शाबूत आहे का ते कळतं. पीएसटी मात्र नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. ती नव्या संगणकावरच्या त्याच आउटलुकमध्ये उघडूनच पारखावी.

खर्चाकडे येऊ. एनव्हीडीए मोफत आहे. मायकल करन या अंध तरुणाने २००६मध्ये ऑस्ट्रेलियात ते सुरू केलं, आणि त्यातल्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. आवाज जरा यांत्रिक आहे, पण पत्ते तपासायला पुरेसा. नॅरेटर हा स्क्रीन रीडर तर विंडोजमध्येच असतो, कंट्रोल-विंडोज-एंटर दाबलं की बोलू लागतो. अगदी नवा संगणक पहिल्यांदा सुरू करतानाही हे चालतं, म्हणजे भाषा निवडण्यापासूनची मांडणी तुम्ही स्वतः करू शकता. पेन ड्राइव्ह नसेल तर लहानातला घ्या, चार-पाचशेच्या आत मिळतो. शेकड्यांनी पत्ते असले तरी फाइल क्वचितच एखाद्या एमबीच्या पुढे जाते, त्यामुळे ती स्वतःलाच ईमेल केली तरी भागतं. त्याच पेन ड्राइव्हवर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून ‘पोर्टेबल कॉपी’ करून ठेवा. कोणाच्याही संगणकाला लावली की तुमच्या ओळखीच्या आवाजात काम सुरू.

जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी नवा संगणक म्हणजे नवा परवाना असं समजू नये. तो सॉफ्टवेअरचा परवाना आहे, यंत्राचा नाही. जुन्या यंत्रावरचं ॲक्टिव्हेशन आधी काढून घ्या. तसंच केवळ पत्त्यांसाठी ऑफिसचं पॅकेज विकत घेऊ नका. थंडरबर्ड फुकट आहे आणि सीएसव्ही व व्हीकार्ड दोन्ही वाचतं.

अडलात तर पैसे देण्याआधी दूरचा जाणकार मित्र गाठा. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून ‘रिमोट ॲक्सेस’ आतच आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए असलं की धुळ्याचा मित्र त्याच्या कीबोर्डवरून तुमचा संगणक चालवतो आणि तुमच्या पडद्यावरचं त्याच्याही कानी पडतं. मात्र जोडणी चालू असेपर्यंत सगळा संगणक त्याच्या हाती असतो, म्हणून जोडणीची किल्ली पूर्ण विश्वासातल्या माणसालाच द्या. प्रत्यक्ष शिकायचं असेल तर दृष्टिबाधितांसाठीच्या संस्था आहेत: अहमदाबादला वस्त्रापूरचं अंधजन मंडळ आहे, मुंबईत नॅब आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी आहे.

तरीही दुकानातच काम द्यायचं ठरलं, तर पत्ते हलवण्याची मजुरी धरून एकूण रक्कम आधी ठरवा आणि बिलावर तसं लिहून घ्या. पासवर्ड तोंडी सांगू नका, स्वतः टाइप करा. मोबाइलवर आलेला ओटीपीही स्वतःच भरा. पडद्यावर समोरचा काय उघडतो आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि त्या यादीत आपल्याबरोबर आपल्या माणसांचेही नंबर असतात. काम झालं की दुकानाच्या संगणकावरची फाइल तुमच्यासमोर पुसायला लावा, रिसायकल बिनसकट. आणि तुमच्या स्क्रीन रीडरने ते फोल्डर उघडून ऐका.

जुना संगणक लगेच पुसू नका, विकूही नका. नव्यावरून चार-पाच जणांना, त्यात एका मराठी नावाच्या माणसालाही, पत्ता यादीतून उचलून मेल पाठवा. जीमेलमध्ये यादी बिघडली तर ‘अनडू चेंजेस’ने ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं; आउटलुक-थंडरबर्डवाल्यांची हमी म्हणजे ती पेन ड्राइव्हवरची फाइल. उत्तरं आली, की मग जुना संगणक मोकळा करा.