गाडी ‘मिसिंग’ का मारते?

उभ्या मोटारीचे इंजिन चालू असताना तिच्या बॉनेटवर कधी हात ठेवून पाहिला आहे का? इंजिन निरोगी असेल तर हाताला एकसारखी बारीक थरथर जाणवते. काही गाड्या मात्र उभ्या जागी गदगदा हलतात आणि सायलेन्सरमधून अडखळता आवाज येतो. गॅरेजमध्ये याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. एखाद्या सिलिंडरात त्याची पाळी आली तरी पेट्रोल पेटत नाही, असा त्याचा अर्थ. मग चार सिलिंडरांपैकी कामचुकार कोणता, हे इंजिन न उघडता कसे ओळखायचे?

आधी थोडा हिशेब करू. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १६०० ज्वलने होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. ती इतकी जवळजवळ असतात की आपल्याला सलग घरघरच ऐकू येते. आता एक सिलिंडर बंद पडला, तर सेकंदाला सहा-सात वेळा जोर तुटतो. हाताला जाणवणारे हिसके ते हेच.

माझ्या एका स्नेह्यांच्या जुन्या गाडीला हा विकार जडला होता. आधी ती फक्त घाट चढताना अडखळे. पुढे पावसाळ्यात सकाळी उभ्यानेच हलू लागली. त्यांनी चारही प्लग नवे घातले, कार्बोरेटर साफ करून घेतला, तरी फरक नाही. शेवटी ‘इंजिन खोलावे लागेल’ असा सल्ला मिळाला. हा खर्च मोठा, म्हणून त्यापूर्वी एक रविवार आम्ही प्रयोगासाठी मागून घेतला.

या धाटणीच्या गाडीत इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून हजारो व्होल्टचा झटका तयार करते. डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीने एकेका जाड तारेत पाठवतो आणि तारेच्या टोकाच्या स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रीमियर पद्मिनीत ही पाळी १-३-४-२ अशी असे. आम्ही इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडराची तार काढली, तिच्या टोपीत एक जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवला आणि इंजिन चालू केले. आवाज लगेच खाली आला, गाडी आणखी हलू लागली. म्हणजे पहिला सिलिंडर काम करत होता! दुसऱ्याचे आणि चौथ्याचे तसेच. तिसऱ्याची तार काढली, तर काहीच फरक पडला नाही. ज्याच्या गैरहजेरीने काही बिघडत नाही, तोच आपला गुन्हेगार.

पण दोष प्लगचा, तारेचा की सिलिंडराचा? आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडराचे प्लग आपसांत बदलले. दोष तिसऱ्यातच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष. तार तपासण्याची गरजच नाही, असे मला वाटत होते. कारण तिसऱ्या तारेवर जोडलेल्या त्या जादा प्लगमध्ये निळी, खणखणीत ठिणगी पडताना आम्ही पाहिली होती. भौतिकशास्त्र शिकवणारा मी इथेच फसलो! साध्या हवेत १ मिलिमीटर अंतर ओलांडायला ठिणगीला सुमारे ३ हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरात मात्र मिश्रण दाबलेले असते. घनता कित्येक पट वाढते आणि त्याबरोबर लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेजही वाढते. अशा वेळी तारेच्या रबराला बारीकशी चीर असेल, तर विजेला तीच वाट सोपी पडते. चढणीवर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात जास्त मिश्रण शिरते. म्हणून दोष आधी घाटात दिसला. पावसाळी ओलाव्याने उरलेली कसर भरून काढली.

मग तारांचीही अदलाबदल केली. (दोन्ही टोके काढून तारच बदलायची, नुसते प्लगकडचे टोक बदलले तर पाळीच चुकेल.) तिसऱ्याची तार दुसऱ्याला लावताच तिसरा सिलिंडर शहाणा झाला आणि दुसरा बिघडला. संध्याकाळी अंधारात बॉनेट उघडून पाहिले, तर त्या तारेवर एका जागी निळसर ठिणग्या इंजिनाच्या अंगावर उड्या मारत होत्या. एक तार बदलली, काम झाले.

तार आणि प्लग बदलूनही दोष त्याच सिलिंडरात राहिला असता, तर दाबमापक लावून पाहावे लागले असते. दाब कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्ह गळतो. आणि दोष कधी या, कधी त्या सिलिंडरात भटकत असेल, तर कॉइल, पॉइंट, पेट्रोल अशा सामाईक गोष्टींकडे वळावे.

हे प्रयोग जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच करा, तेही उघड्या जागेत. बंद गॅरेजात धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेली हवी. बाह्या, ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून दूर. नव्या गाड्यांत तर तारा काढण्याचा हा प्रयोग करूच नका. त्यांत बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातील उत्प्रेरकाला तापवून निकामी करते. तिथे संगणकच क्रँकशाफ्टचा वेग क्षणोक्षणी मोजतो आणि कोणाच्या पाळीनंतर तो मंदावला ते टिपून ठेवतो. वाचक-यंत्रावर ‘पी ०३०३’ आले, तर तिसरा सिलिंडर चुकतो आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या-तिसऱ्याच्या कॉइल बदलल्या आणि आकडा ‘पी ०३०२’ झाला, तर दोष कॉइलचा!

जाता जाता एक हिशेब. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे होते. त्यातला एक बंद पडला, तर दोन ज्वलनांमध्ये क्रँकशाफ्ट जास्तीत जास्त किती अंश फिरेल? चार सिलिंडरांच्या इंजिनाशी ताडून पाहा, आणि कोणती गाडी जास्त हलेल ते सांगा.