हॅव-हॅजच्या आधी मराठी

परळच्या रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. दिवसभर कुरिअर वाटून, दुकानात उभं राहून आलेली मुलं वर्गात असतात. प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, त्यांना सर्वांत जास्त छळतो. तो शिकवताना हाती लागलेलं सांगते.

१. हा काळ मुलांच्या तोंडी आधीपासूनच असतो. 'डबा खाल्लाय', 'गाडी सुटलीय' ही वाक्यं ती रोज बोलतात. आधी अशी वाक्यं बोलून घ्यावीत. 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, ही रचना फळ्यावर नंतर यावी.

२. खरी अडचण आहे 'आहे' आणि 'आहेत'ची. 'त्याने आंबे खाल्ले आहेत' याचं इंग्रजी मुलं हमखास 'ही हॅव ईटन मँगोज' असं करतात. 'हॅज' का, असं समजावायला गेलं की प्रश्न येतो, "पण बाई, आंबे तर अनेक आहेत ना?" प्रश्न बिनतोड आहे. मराठीत इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: पोळी खाल्ली आहे, आंबे खाल्ले आहेत. इंग्रजीत ते फक्त कर्त्याकडे बघतं. ही, शी, इट असेल तर 'हॅज'. मग आंबा एक असो की पेटीभर. ही चूक आळसातून होत नाही. मुलाला स्वतःची भाषा पक्की येते, म्हणून होते. अशा वाक्यावर नुसती लाल फुली मारणं मला अन्याय वाटतो.

३. 'मी कालच गावाहून आलोय' हे उत्तम मराठी. इंग्रजीत मात्र 'यस्टरडे' आलं की 'हॅव' गेलं: 'आय केम यस्टरडे'. काल, सोमवारी, गेल्या गणपतीत अशी सरलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच वापरायचा.

४. 'पासून' दिसलं की मुलं 'सिन्स' लिहितात. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. तिथे 'सिन्स १९३४' बरोबर, कारण ती सुरुवात आहे. 'पाच वर्षांपासून' ही मुदत, म्हणून 'फॉर फाइव्ह इयर्स'. नोकरीच्या मुलाखतीत हे फार महत्त्वाचं. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' म्हणजे नोकरी चालू आहे. 'हॅव' गळलं, तर समोरचा समजतो की ती सुटली.

५. गो-वेंट-गॉन. पाठांतराला पर्याय नाही.

६. मुंबईतच जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेवर घरोघरी इंग्रजी शिकलं गेलं, तेही मराठी वाक्य समोर ठेवूनच. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी कर्ता-कर्म न कळलेली मुलं माझ्या वर्गात येतात आणि 'हॅज'पाशी अडतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: इंग्रजीच्या जादा तासासाठी मराठी व्याकरणाचा तास कापू नका.