दादाची हाडं सांभाळ

अगं, दादाचं जठर काढलं, केमो संपली, आता तपासणीला गेलं की सगळ्यांचा एकच प्रश्न: गाठ परत आली का? तो हवाच. पण हाडांचं तुलाच विचारावं लागेल, हे तुझ्या आतोबांच्या आजारपणात मला कळलं. जठर गेलं की आम्ल जातं, अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे सरकतं, चरबी नीट पचत नाही आणि तिच्याबरोबर डी जीवनसत्त्वही निसटतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. दुखत काहीच नाही, मोडेपर्यंत.

आधी गोळ्यांचं पाकीट नीट वाच. बहुतेकांवर कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते विरघळायला आम्ल लागतं. डॉक्टरांना सांगून सायट्रेट लिहून घे. एका वेळी 500 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ वाटून दे. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची असेल तर चार तास मध्ये जाऊ देत.

उन्हाचं म्हणशील, तर तुमच्या नोएडाच्या फ्लॅटची बाल्कनी काचेने बंद केलेली. काचेतून ऊब येते, पण डी जीवनसत्त्व बनवणारे किरण अडतात. दिल्लीची धुरकट हवाही त्यांना अडवते. 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात दिल्लीच्या प्रदूषित मोरी गेट भागातल्या लहान मुलांच्या रक्तात डी जीवनसत्त्व त्या वेळी कमी प्रदूषित असलेल्या गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी निघालं होतं. तेव्हा थंडीत धुकं निवळलं की दुपारी गच्चीवर बसव, हातपाय उघडे ठेवून. तरीही रक्ताची तपासणी लागेलच. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, पुढे मनाने चालू ठेवायची नाही. जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो.

नाचणीचं आंबील दे, ताक दे, तिळाची चटणी दे. दूध पचत नसेल तर दही. गूळ-साखर घातलेली खीर मात्र नको. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरतो, घाम फुटतो, चक्कर येते. जेवण थोडंथोडं, पाच-सहा वेळा, आणि जेवल्यावर लगेच उठू देऊ नकोस.

पडणं टाळ, ही सगळ्यात मोठी गोष्ट. दिल्लीत थंडीत सगळे लोकरीचे मोजे घालून संगमरवरावर चालतात. दादाला रबरी तळाची चप्पल घेऊन दे, घरातसुद्धा. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसव, गरम पाण्याची बादली त्याने उचलायची नाही. रात्री रजईतून उठला की आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. बी-12चं इंजेक्शन जन्मभराचं आहे, ते चुकवू नकोस. अंगातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आधी काही जाणवत नाही. नंतर पाय बधिर होतात, तोल जातो.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घे, खुब्याचा आणि मणक्यांचा. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडांच्या औषधाची वेळ आली. त्याच्या आठवड्याच्या गोळीने अन्ननलिका जळजळू शकते, म्हणून जठर नसलेल्यांना ते बहुधा वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. त्याआधी डी जीवनसत्त्व भरून काढायचं, मूत्रपिंडं तपासायची, दातांचं काम उरकायचं. हे तूच आठवण करून विचार.

दाराच्या चौकटीवर त्याची उंची पेन्सिलने टिपून ठेव, सहा महिन्यांनी पुन्हा बघ. दोन-तीन सेंटिमीटर कमी भरली तर मणका दबलेला असू शकतो. पाठीत अचानक कळ आली तर मालीशवाल्याला बोलावू नकोस. ते हाडाचं असेल, आजारही परत आलेला असेल, अंदाजावर राहू नको. एक-दोन दिवसांत कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखव. पायातला जोर गेला किंवा लघवी अडली तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि थेट इमर्जन्सीत न्यायचं.