आत्याची गाठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आत्याने छातीतली गाठ वर्षभर लाजेने लपविली. ‘फवारणीच्या औषधानं झाली, आता झाडपाल्यानंच जाईल,’ असे घरात म्हणत. खरे काय, म्हणून मी ग्रंथालयात वाचू लागले.

स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते स्तनाच्या पेशींत बसते आणि पेशी वाढू लागतात. काही परकी द्रव्येही याच कुलपात बसतात. सोयाबीनमधील जेनिस्टीन नैसर्गिक, तर कीटकनाशक डीडीटीतील एक घटक कृत्रिम.

कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींचे रक्त जपून ठेवले होते. त्यावरील अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १९४५ च्या सुमारास डीडीटीचा वापर पसरला, तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या, त्यांच्यापैकी रक्तात डीडीटी जास्त असलेल्यांना पन्नाशीपूर्वी स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. त्याहून मोठ्या मुलींत व स्त्रियांत तसे दिसले नाही. म्हणजे संपर्काचे वयही महत्त्वाचे.

मग नैसर्गिक ते तारक आणि कृत्रिम ते मारक म्हणावे काय? तसेही नाही. टॅमॉक्सिफेन ही गोळी कृत्रिमच. पण ती त्याच कुलपात बसून इस्ट्रोजेनची वाट अडविते.

आत्याची गाठ कशाने झाली, हे कोणीच सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतर ती आज हीच गोळी घेते. मी हे सारे तिला समजावले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘पोरी, हे वरीसभर आधी का न्हाई वाचलंस?’

मैत्रिणींनो, म्हणून हे लिहिले. गाठ हाताला लागली तर लपवू नका.