गंजलेले नट आणि उतावळे हात

बेळगावच्या पावसाळ्यात जिथे कपडे वाळत नाहीत, तिथे लोखंडाची काय कथा? आमच्या अप्पांची प्रीमियर पद्मिनी 2012 साली, त्यांना पक्षाघात झाला तेव्हापासून, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. 2024 च्या गणपतीत भंगारवाला दारात आला. आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत फिरली तर राहील, नाही तर जाईल." त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम गंज म्हणजे काय, ते पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज होतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळातच जागा थोडी. तिथे फुगलेला गंज पाचरीसारखा घट्ट बसतो. म्हणून जाम नट केवळ ताकदीने सुटत नाही. आधी ती पाचर ढिली करावी लागते.

हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी सायलेन्सरच्या वरच्या नटाला पाना लावला, पान्यात लांब पाईप घातला आणि जोर केला. नट सुटला नाही, स्टडच मोडला. खाटेवरून अप्पा अडखळत म्हणाले, "घाई कशाला करालास?" तो तुकडा ड्रिलने काढायला लेथवाल्याकडे दोन दिवस गेले.

पुढे क्रम ठरवला. तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे पातळ तेल घालावे आणि रात्रभर थांबावे. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे ते बारीक फटींतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी नटाच्या कडेवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला तडे जातात. मग सहा बाजूंनी धरणारा पाना लावून नट आधी किंचित आवळावा, नंतर सोडवावा. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे आणि मध्ये पुन्हा तेल.

याने न जमल्यास उष्णता. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत 12 भाग वाढते. 10 मिलिमीटर व्यासाचा नट 200 अंशांनी तापला, तर त्याचे भोक 0.024 मिलिमीटरने रुंदावते. हे केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड सुटायला पुष्कळदा पुरते. मात्र बोल्ट न तापवता फक्त नट तापवावा. आधी तेल पुसावे आणि पेट्रोलची टाकी, नळी किंवा ब्रेकची नळी जवळ असेल तर आग लावूच नये. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये.

इंजिनही जाम होते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण दोन-तीन चमचे घातले आणि आठ दिवस थांबलो. स्टार्टर मुळीच लावला नाही. त्याच्या जोराने अडकलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनच्या पुढच्या टोकाला पाना लावला आणि मागेपुढे हलवत राहिलो. पहिल्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी बोटभर. सहाव्या दिवशी पूर्ण फेरा. डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी जुने ऑइल काढून नवे घातले.

पूर्ण फेरा झाला त्या संध्याकाळी अप्पांना खुर्चीसकट शेडमध्ये आणले. उजवा हात चालत नाही. डावा त्यांनी पान्यावर ठेवला. मी सावकाश फिरवले. "फिरलं," एवढेच ते म्हणाले. दिवाळीला गाडी चालू झाली. भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा आईनेच त्याला परत पाठवला.

मोडलेला तो स्टड माझ्या टेबलावर आहे. पान्याला पाईप लावावासा वाटला, की मी आधी त्याच्याकडे पाहतो.